कॉलरवाली, बाहीवाली आणि कोपऱ्यातलं मशीन

गल्लीतला घड्याळवाला पार्सलं पोचवायला लागला तेव्हा मास्तरांनी ते फार मनावर घेतलं नाही. घड्याळं दुरुस्त करून घेतं कोण हल्ली? पुढे फोटो स्टुडिओवाला मोबाइलच्या काचा बदलायला लागला, तेही ठीक. पण छापखाना बंद पडल्यावर त्यांचा सख्खा मेहुणा निळा गणवेश घालून कोपऱ्यावरच्या नव्या काचेच्या इमारतीच्या दारात उभा राहिला, तेव्हा मात्र मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना. कारण टोपी त्याला मोठी होत होती. वाकून सलाम केला की ती थेट नाकावर यायची.

"पेपर घालतो आत," मेहुणा म्हणाला. "आयुष्यभर पेपर छापले, आता डोक्यात भरतो."

"आधी भरले असते तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले.

शहर वाढत होतं ते डोळ्यांना दिसत होतं. काल जिथे गवत होतं तिथे आज खड्डा, आणि खड्डा बघायची सवय होते न होते तोवर तिथे इमारत. सकाळी माणसं लोंढ्याने आत जायची आणि संध्याकाळी लोंढ्याने बाहेर पडायची. कामं कमी झाली होती असं कुणी म्हणू शकलं नसतं. उलट जिकडे तिकडे माणसं पाहिजेत म्हणून पाट्या होत्या. फक्त त्या पाट्यांवर जी कामं लिहिलेली असायची ती गल्लीतल्या कुणाला येत नव्हती, आणि गल्लीतल्या लोकांना जी येत होती ती कुठल्याच पाटीवर नव्हती.

मास्तर म्हणजे शिंपी. पण नुसतं शिंपी म्हटलं तर ते अर्धंच खरं. मास्तर कापायचे. शिवायची त्यांची बायको. लग्न झालं तेव्हापासून हाच रिवाज. ते टेबलाशी उभे, ती मशीनवर बसलेली, मधे कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा. दोघांत बोलणं फारसं व्हायचं नाही. मास्तरांनी कातर हातात घेतली की ती मान वर न करता म्हणायची, "दाब सोडा हं, अहो." शिवणीच्या आत जे जादा कापड दडवून ठेवतात त्याला दाब म्हणतात. मास्तर सढळ हाताने दाब सोडायचे, ती तो आत घेऊन शिवायची. कपडा अंगाला नीट बसायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी गिऱ्हाईक जाड झालं की तोच कपडा उसवून मोठा करून मिळायचा. इथे शिवलेला शर्ट लग्नानंतरही होतो, असं गल्लीत थट्टेने म्हणत.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष चाललं होतं. तिचं मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर एक जुनी चादर टाकलेली. मास्तर सकाळी दुकान उघडायचे, टेबल पुसायचे, मशीनकडे बघायचे नाहीत आणि बसून राहायचे. कुणी पँटची लांबी कमी करायला आणलीच तर हाताने टाके घालून द्यायचे. लेक लांबच्या गावाला होती, ती फोनवर म्हणायची, बाबा, इकडे या. ते म्हणायचे, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिलाही कळायचं.

एक दिवस मेहुणा टोपी काखेत मारून आला आणि स्टुलावर बसला.

"भावोजी, आमच्याकडे आणखी एक माणूस घेणार आहेत. मी साहेबांशी बोललोय. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी भेटायला बोलावलंय."

"मी काय करू तिथे?"

"मी काय करतो? उभा राहतो. मोटार आली की दांडा वर, गेली की खाली. डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं."

"तुझं चालतं."

"चेष्टा करा. पण इथे बसून तुम्ही काय करताय सांगा. या गाळ्याचे मालक मागे लागलेत ना? पार्सलच्या कंपनीला द्यायचाय त्यांना. तुम्ही आज हो म्हणालात तर उद्या इथे खोकी येतील."

 मालकांनी कधी जबरदस्ती केली नव्हती. पण काम नसलेलं दुकान किती दिवस अडवून ठेवायचं, हे मास्तरांनाही कळत होतं. मग आपल्यामागे ते कोपऱ्यातलं मशीन कुठे जाईल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात यायचा आणि तिथेच अडकायचा. मेहुण्याच्या घरी जागा नाही. लेकीच्या घरी तर नाहीच. राहिला भंगारवाला.

"बरं," ते म्हणाले. "भेटतो तुझ्या साहेबांना."

आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच दुपारी ब्यूरोवाल्या बाई आल्या.

या बाईंचा ब्यूरो म्हणजे घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पाठवण्याचा. शहर जसं वाढलं तशी तिथली मुलं-सुना दिवसभर कामावर जाऊ लागली, आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडे बघायला कुणी उरलं नाही. त्यामुळे या बाईंचं काम जोरात होतं. मास्तरांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांच्याकडचीच एक मावशी यायची. पोक्त, धिप्पाड, कामाला वाघ. पण तिचा युनिफॉर्मचा शर्ट खांद्यात असा करकचलेला असायचा की पेशंटला कुशीवर वळवताना तिचे हात अर्ध्यावर अडायचे. बायको त्या अवस्थेतही तिच्या बाहीच्या जोडाकडे, मुंढ्याकडे, बघत राहायची. एकदा म्हणाली, "अहो, हिच्या मुंढ्याकडे बघा हो. कुणी कापलाय हा? कापणाऱ्याला दोन्ही हात बांधून भाकरी थापायला लावली पाहिजे." मावशी हसून हसून खाली बसली होती. मास्तरांनी तिच्या बगलेत कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडून दिला होता, तेवढ्यावर तिचे हात सुटले.

तोच किस्सा मावशीने ब्यूरोत सांगितला असणार. बाई म्हणाल्या, "मास्तर, आम्ही नवी शाखा काढतोय. बायकांची नवी तुकडी पुढच्या सोमवारपासून कामावर जाणार. सगळ्यांना शर्ट पाहिजेत. पँट मी बाजारातून तयार घेईन, पण शर्ट तुमच्याकडून. हात वर गेला पाहिजे, एवढीच माझी अट आहे. तुमच्याच्याने होईल ना?"

"होईल," मास्तर म्हणाले.

बाई गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शिवणार कोण?

मेहुणा संध्याकाळी परत आला तेव्हा मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. सगळं ऐकून तो म्हणाला, "हो कशाला म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं."

"बाप रे. तीस वर्षांत तुमच्या तोंडातून एक शब्द निघाला आणि तोही चुकीचा." पण मग टोपीशी चाळा करत तो म्हणाला, "आमच्या इमारतीत लादी पुसायला दोघीजणी येतात. त्या कपड्यांच्या फॅक्टरीत होत्या. फॅक्टरी शहराबाहेर गेली, कुठल्या कुठे. यांना रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून सोडलं. विचारतो."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. एक उंच आणि बडबडी, दुसरी बुटकी, चष्मा लावलेली आणि अगदी मोजकं बोलणारी. मास्तरांनी चष्मेवालीला विचारलं, "काय काय शिवता येतं?"

"कॉलर."

"आणि?"

"कॉलर."

"म्हणजे आणखी काही..."

"अहो मास्तर, ती कॉलरवरच होती," उंच बाई मधेच म्हणाली. "मी बाहीवर. आमच्याकडे तसंच असायचं. पट्टा सरकतो तसे तुकडे येतात, आपण आपलं शिवायचं, पुढे ढकलायचं. मी इतक्या बाह्या लावल्यात की त्या जोडल्या तर इथून समुद्रापर्यंत जातील. पण आख्खा शर्ट विचाराल तर नाही. आख्खा शर्ट आम्ही कधी बघितलाच नाही, दुकानात बघितला तेवढाच."

कॉलरवाली चष्मा पुसत म्हणाली, "म्हणून तर नंतर कुठे काम मिळालं नाही. जिथे जावं तिथे विचारतात, पूर्ण येतं का? आम्हाला एकेक तुकडा येतो."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांनाही अर्धंच येत होतं. फक्त त्यांचा अर्धा भाग जरा मोठा होता आणि उरलेला अर्धा भाग आता नव्हता.

"चला," ते म्हणाले. "जुळवून बघू."

बाहीवाली घरून आपलं मशीन घेऊन आली. दुसरं मशीन मास्तरांनी समोरच्या बंद पडलेल्या दुकानातून उसनं आणलं. ते चालताना असं कण्हायचं की बाहीवालीने त्याचं नाव आजोबा ठेवलं. कॉलरवालीने पहिल्याच दिवशी कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ते चालू नाही का?"

"ते नाही," मास्तर म्हणाले.

 बाहीवाली बोलायला तोंड उघडत होती, पण कॉलरवालीने तिच्या पायावर पाय दिला.

मग काम सुरू झालं. मास्तरांनी किती दिवसांनी कातरीला धार लावली. कापडावर खडू फिरला, टेबलावर कातर खसाखस चालली, आणि त्यांच्या खांद्यात जो जडपणा साचला होता तो हळूहळू उतरला. ते कापत होते, पहाटेची लादी पुसून दोघी येऊन शिवत होत्या. कॉलरवालीच्या कॉलरी अशा की टोकाला बोट लावलं तर टोचावं. बाहीवालीचं एका हाताने शिवणं आणि तोंडाने जगाची उठाठेव, दोन्ही एकाच वेगाने. मधे एकदा भांडण झालं ते बाजूच्या शिवणीवरून. बगलेपासून खालपर्यंत बाजू कोणी शिवायची? फॅक्टरीत ते काम तिसरीचं असायचं, आणि ती तिसरी इथे नव्हती.

"बाही संपते तिथेच बाजू सुरू होते," कॉलरवाली म्हणाली. "म्हणजे तुझी."

"वा! म्हणजे कॉलर संपते तिथे पाठ सुरू होते, ती तुझी का?"

"हो. घेते पाठ."

असं ठरलं. मास्तरांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. संध्याकाळी दुकान बंद करताना ते तयार शर्टांच्या घड्या घालून गठ्ठे रचायचे. गठ्ठा वाढत होता, आणि मेहुण्याच्या साहेबांचा विषय त्यांच्या मनात मागे पडत चालला होता.

शनिवारी दुपारी ब्यूरोवाल्या बाई माप बघायला आल्या. बरोबर तीच जुनी धिप्पाड मावशी. तिने मास्तरांना बघून डोळे पुसले, मग शर्ट घेऊन पडद्यामागे गेली. बाहेर आली.

शर्ट तिच्या अंगावर तंबूसारखा उभा होता. बाह्या पोत्यासारख्या. मावशीसारख्या धिप्पाड बाईच्या अंगावर ही गत, तर बारीक पोरींचं काय होणार!

"हात तर वर जातो," मावशी भीत भीत म्हणाली आणि हात वर केला. बाही घसरून थेट खांद्यावर आली.

बाहीवाली पटकन म्हणाली, "मास्तर, माझी शिवण सरळ आहे. फॅक्टरीत जेवढं आत घ्यायचो तेवढंच घेतलंय. बघा हवं तर."

मास्तरांनी शर्ट उलटा करून बघितला. शिवण सरळ होती. सुतासारखी. फक्त ती कापडाच्या अगदी काठावरून गेली होती. आत दाब म्हणून काही उरलाच नव्हता. त्यांनी जे कापड आत घ्यायला सोडलं होतं ते सगळं बाहेर राहिलं होतं.

त्यांनी दोघींना सांगितलंच नव्हतं की दाब जास्त सोडलाय. सांगायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही. इतकी वर्षं कधी सांगावं लागलं नव्हतं. कातर हातात घेतली, कुणी "दाब सोडा हं" म्हणालं नाही, आणि तरी त्यांनी तेवढाच सोडला. आठवडाभर हे सगळे शर्ट त्यांनी तिच्या हातासाठी कापले होते. जी शिवायला नव्हती तिच्यासाठी.

ते स्टुलावर बसले. बाईंना वाटलं त्यांना घेरी आली.

"पाणी द्या त्यांना," त्या म्हणाल्या. मग शर्ट हातात घेऊन म्हणाल्या, "मास्तर, मी तुम्हाला ओळखते म्हणून रागवत नाही. पण सोमवारी सकाळी बायकांना घराघरांत पाठवायचंय. पहिल्या दिवशी त्या अशा गेल्या तर लोक दारातूनच परत पाठवतील. सोमवारी सकाळी येते. झाले तर झाले. नाहीतर मी तयार माल उचलते, आणि मग पुढचंही तिकडूनच."

त्या गेल्यावर मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही घरी जा."

"आणि?" कॉलरवालीने विचारलं.

"आणि काय? सोमवारी मी मेहुण्याच्या साहेबांना भेटतो."

"कापड छोटं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती," कॉलरवाली म्हणाली. तिच्या मानाने हे म्हणजे भाषणच होतं. "मोठं झालंय. बाहीपासून बाजू आत घ्यायची. उद्या रविवार आहे, लादी पुसायला सुट्टी."

"एका दिवसात एवढे?"

"तुम्ही खालची दुमड उसवा, ही आत घेईल, मी दुमड परत मारीन. आजोबांनी साथ दिली पाहिजे फक्त."

रविवारी सकाळी तिघं बसली. मास्तर पात्याने दुमड उसवायचे, बाहीवाली बाजू आत घ्यायची, कॉलरवाली दुमड घालायची. गाडी रुळावर आली असं वाटत होतं, तोच आजोबांनी एक शेवटचं कण्हणं काढलं, त्यांचा पट्टा तुटला आणि चाक नुसतंच फिरत राहिलं. गल्लीत काही दुरुस्त करणारा एकच होता, तो घड्याळवाला, आणि तो आता पार्सलं पोचवत होता. बाजार बंद. उरलेला गठ्ठा टेबलावर तसाच.

कुणीच कोपऱ्याकडे बघितलं नाही. तिघंही न बघण्याचा इतका प्रयत्न करत होती की शेवटी मास्तरांनाच ते असह्य झालं. ते उठले आणि त्यांनी चादर ओढली.

धूळ उडाली. मशीन तसंच होतं. बसायच्या स्टुलावर तिने स्वतः शिवलेली गादी, एका बाजूने दबलेली. मास्तरांनी तेल घातलं, चाक फिरवलं. चाक फिरलं. मग ते स्वतःच स्टुलावर बसले. तिच्या जागी परक्या कुणाला बसवण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं असावं. पण त्यांच्या पायाला ती लय नव्हती. दोरा तुटला. परत ओवला. परत तुटला. तिसऱ्यांदा सुईच वाकडी झाली.

कॉलरवाली त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "मास्तर, उठा," ती हळूच म्हणाली. "तुमचं काम कातरीचं."

मास्तरांनी गादीवरून हात फिरवला. मग उठले.

ती बसली. बसल्यावर म्हणाली, "गादी राहू दे ना? मी बुटकी आहे." मास्तरांनी मान हलवली. तिने सुई बदलली, बाहीवालीच्या गठ्ठ्यातला एक शर्ट ओढून त्याची बाजू सुईखाली सरकवली, आणि थांबली.

"ही पट्टी कशाला?"

सुईच्या बाजूला, मशीनच्या पत्र्यावर, केमिस्टकडे मिळते तसल्या चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा चिकटवलेला होता. मळून पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. कॉलरवालीने कापडाची कड त्या पट्टीला लावून बघितली आणि म्हणाली, "अगं बाई. इथे कड ठेवली की शिवण बरोबर आत येते. मास्तर, हा तुमचाच दाब आहे. कुणीतरी खूण करून ठेवलीय."

मास्तर वाकले. इतकी वर्षं ते त्या मशीनपासून दोन पावलांवर उभे राहायचे. पण मशीनची ती बाजू तिच्याकडे असायची. त्यांनी ही पट्टी कधी पाहिली नव्हती. तिच्या हातालाच ते माप आहे, असंच ते धरून चालले होते.

नेमका तेव्हाच मेहुणा आला, सुट्टीच्या दिवसाचा चहा घेऊन. मशीनवरची चादर निघालेली बघून तो दारातच थबकला. मग मास्तरांच्या बोटाकडे बघून म्हणाला, "ती पट्टी? ती तर ताईची."

"तुला माहीत होतं?"

"मीच आणून द्यायचो. शाळा सुटल्यावर इथे यायचो ना मी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने लावली. पट्टी जुनी झाली की म्हणायची, पळ, केमिस्टकडून आण, आणि भावोजींना सांगू नकोस."

"मला का नाही सांगायचं?"

मेहुण्याने चहा टेबलावर ठेवला. सांगावं की नाही असं त्याचं क्षणभर झालं. "सांगू का खरं? ती म्हणाली होती, तुझे भावोजी भित्रे आहेत. कापड कमी पडेल म्हणून दुप्पट सोडतात. बोलले तर त्यांचा हात आखडेल. त्यापेक्षा मीच आत घेते."

"खोटं," मास्तर म्हणाले. "ती स्वतः म्हणायची मला, दाब सोडा म्हणून. रोज म्हणायची."

"म्हणायचीच. तुम्ही नाहीतरी सोडणारच होतात. निदान तुम्हाला वाटावं की तिने सांगितलं म्हणून सोडलाय."

बाहीवालीचं मशीन थांबलं होतं. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणजे ते तिच्यासाठी म्हणून दाब सोडत होते. ती त्यांच्यासाठी म्हणून आत घेत होती. आणि गल्लीत दुकानाचं नाव झालं ते या दोन भित्र्यांच्या जोरावर.

"लबाड," ते म्हणाले. आणि मग ते हसायला लागले. बायको गेल्यापासून या दुकानात ते एवढ्या मोठ्याने कधी हसले नव्हते. मेहुणाही हसायला लागला, आणि मग दोघांनी एकाच वेळी नाक पुसलं.

"चहा निवतोय," कॉलरवाली म्हणाली. तिने एका घोटात कप रिकामा केला, कापडाची कड पट्टीला लावली आणि पाय चालवला. मशीन बोलायला लागलं. आजोबांसारखं कण्हत नाही, एकसारखं, एका लयीत. मास्तरांनी तो आवाज ऐकला, पातं उचललं आणि पुढचा शर्ट उसवायला घेतला. बाहीवालीने आपल्या मशीनवर खडूने तशीच रेघ मारून घेतली. मेहुण्याला इस्त्रीवर बसवलं. त्याने पहिल्याच शर्टाची कॉलर करपवली असती, पण कॉलरवालीने वेळेवर ओरडून वाचवली. ऊन उतरायच्या आत गठ्ठा संपला.

सोमवारी सकाळी मेहुणा गणवेश घालून, टोपी हातात घेऊन हजर. साहेबांकडे न्यायला. "आवरलंत का?" त्याने विचारलं. मास्तरांनी धुतलेला शर्ट घातला होता, पण पायात अजून घरातल्याच चपला होत्या.

"बाई येऊन जाऊ दे," ते म्हणाले.

ब्यूरोवाल्या बाई आल्या. मावशी पडद्यामागून बाहेर आली. या वेळी शर्ट तिच्या अंगावर नीट बसला होता. तिने दोन्ही हात वर केले, पुढे केले, एखाद्या पेशंटला उचलावं तसे आडवे केले. कुठे काही अडलं नाही.

"घ्या, आता हवं तर तुम्हालाच उचलते, मास्तर," ती म्हणाली.

बाईंनी दुसरा शर्ट उलटा करून बघितला. बाजूच्या शिवणीच्या आत कापडाची रुंद पट्टी होती. "हे एवढं आत का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना वाटलं, आता कापड वाया घालवलं म्हणून बोलणी बसणार. "आमच्याकडे तशी पद्धत आहे," ते अडखळत म्हणाले. "नंतर मोठा करता येतो. उसवला की झालं."

"कुणासाठीही?"

"हो. आत घ्यायचा, बाहेर सोडायचा."

बाई शर्ट तसाच धरून उभ्या राहिल्या. "माझ्याकडे बायका टिकत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "त्यांचाही दोष नाही. आज माझ्याकडे, उद्या हॉस्पिटलात, परवा आणखी कुठे. चांगलं काम मिळालं की जातात. तिच्या जागी दुसरी येते, ती असते हिच्या दुप्पट नाहीतर निम्मी. मग तिला नवा शर्ट, आणि जुना कपाटात पडून. तुम्ही दर वेळी त्या नवीच्या मापाचा करून द्याल का?"

"एका दुपारचं काम आहे."

"मग हे कायमचं तुमच्याकडे. शिवायचंही आणि आत-बाहेर करायचंही." त्या गठ्ठा उचलायला लागल्या, मावशीने तो त्यांच्या हातून घेतला आणि एकटीनेच गाडीत नेऊन ठेवला.

बाई गेल्या. मग कॉलरवाली म्हणाली, "मास्तर, एक मागू?"

"काय?"

"मला बाही शिकवा. आणि हिला कॉलर. आणि मग कापायचंही शिकवा. पुन्हा कुणी विचारलं की पूर्ण येतं का, तर हो म्हणायचंय."

"मग तुम्हीही जाल दुसरीकडे."

"जाऊ की," बाहीवाली म्हणाली. "पण येता-जाता डोकावू. तुमचा एकट्याचा स्वयंपाक कसा चाललाय तेही बघायला पाहिजे."

"उद्यापासून," मास्तर म्हणाले. "आधी कॉलर. मलाही शिकायचीय."

मेहुणा घड्याळाकडे बघत चुळबुळत होता. "भावोजी, साहेब वाट बघतायत. त्यांना काय सांगू?"

"सांग, माणूस कामाला लागला."

"असं कसं सांगू? माझी लाज जाईल."

"तुझी लाज त्या टोपीने कधीच घालवलीय. आण ती इकडे."

त्याने टोपी टेबलावर ठेवली. मास्तरांनी आतला पेपर काढून टाकला, टोपी उलटी केली, मागची शिवण उसवली, मेहुण्याच्या डोक्याभोवती टेप फिरवली आणि खडूने खूण केली.

"कापू नका हं," मेहुणा म्हणाला. "परत जमा करायला लागते ती."

"कापतोय कोण? आत ठेवतोय. पुढेमागे डोकं वाढलं तर?"

"या वयात?"

"साहेब झालास तर वाढेल."

त्यांनी टोपी कॉलरवालीकडे दिली. ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसली, गादीवर नीट सरकली, सुईखाली टोपीची कड लावली. मग पट्टीवर बोट फिरवून म्हणाली, "हिची एक कड सुटायला आलीय. उद्या-परवा निघेल. नवी लावायला हवी."

मास्तरांनी मेहुण्याकडे बघितलं.

मेहुणा उठला आणि उघड्या डोक्यानेच केमिस्टकडे निघाला.